चौदा वर्षांखालच्या सामन्याला वेगळे घड्याळ हवे : शालेय बास्केटबॉल स्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा क्रीडा अधिकारी, जिल्हा बास्केटबॉल संघटनांचे पदाधिकारी आणि आंतरशालेय स्पर्धा भरवणाऱ्या सर्व शाळा व संस्था

विषय : वयोगटानुसार सामन्याची वेळ, घड्याळ, बॉल आणि प्रेस (पूर्ण कोर्टवर दबाव टाकणारा बचाव) यांचे नियम ठरवण्याबाबत

स. न. वि. वि.

शालेय बास्केटबॉल १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत खेळले जाते. तिन्ही गटांचे सामने एकाच कोर्टवर, बऱ्याचदा एकाच दिवशी होतात, आणि वेळ कमी पडू लागली की तिन्हींना उपाय एकच : चारही क्वार्टर सात मिनिटांची करा आणि घड्याळ पळते ठेवा, म्हणजे खेळ थांबला तरी ते थांबवू नका. हे पत्र या एका सवयीबद्दल आहे. तिन्ही गटांत खेळ वेगवान किंवा संथ होण्याची कारणे निरनिराळी असतात. त्यामुळे जो नियम १९ च्या गटात चालतो तो १४ च्या गटात खेळ बिघडवतो, आणि १४ ला जे लागते त्याची १९ ला गरज नसते.

आधी ‘वेग’ म्हणजे काय ते ठरवून घेऊ. मुले किती धावली किंवा गुण किती झाले यावरून वेग कळत नाही. बास्केटबॉलमध्ये वेग पझेशनमध्ये मोजतात : एका संघाकडे बॉल आला आणि दुसऱ्याकडे गेला की एक पझेशन संपले. बास्केट होणे, शेवटचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) आत जाणे, बचाव करणाऱ्याने रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) घेणे, टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणे) होणे किंवा क्वार्टर संपणे, यांपैकी काहीही झाले की मोजणी एकाने वाढते. आपल्याच चुकलेल्या शॉटचा रिबाउंड आपणच घेतला (ऑफेन्सिव्ह रिबाउंड) तर पझेशन तेच चालू राहते. टेबलवर बसलेला नववीचा विद्यार्थीही कागदावर रेघा मारून हे मोजू शकतो. ज्यांच्याकडे सामन्याचे आकडे असतात ते सूत्र वापरतात : मारलेले शॉट, अधिक फ्री थ्रोंची संख्या गुणिले ०.४४, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर. फ्री थ्रोला अर्ध्याने न गुणता ०.४४ ने गुणतात, कारण बास्केट होऊन वर मिळालेला एक थ्रो किंवा टेक्निकलचा (गैरवर्तनाच्या फाउलचा) थ्रो नवे पझेशन वापरत नाही.

समजा, १४ वर्षांखालच्या मुलांच्या २८ मिनिटांच्या सामन्यात एका संघाने ४० शॉट मारले, १० फ्री थ्रो घेतले, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले आणि २६ वेळा बॉल गमावला. हिशेब येतो ६०. हेच ४० मिनिटांच्या प्रमाणात मांडले तर ८६. अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनबीए हिचा वेग अलीकडच्या हंगामांत ४८ मिनिटांना सुमारे १०० पझेशन आहे, म्हणजे ४० मिनिटांना ८३ च्या आसपास. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन पुरुषांच्या पहिल्या विभागात तो ७० च्या जरा खाली राहतो. आता आपली ही मुले एनबीएहून वेगवान आहेत असे कुणी म्हणणार नाही. त्या ६० पझेशनपैकी २६, म्हणजे दर पाचांपैकी दोनांहून जास्त, शॉट न मारताच संपली. बॉल इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला, शिट्टी झाली. वेगाच्या आकड्याशेजारी टर्नओव्हरचा आकडा नसेल तर वेगाला अर्थ नाही, आणि लहान गटाच्या बाबतीत तर अजिबात नाही.

असे का होते, ते साखळीने पाहावे लागते. सुरुवात बॉलपासून. सात नंबरच्या बॉलचा घेर ७५ ते ७७ सेंटिमीटर आणि वजन ५८० ते ६२० ग्रॅम असते. सहा नंबरचा घेर साधारण ७१.५ ते ७३ आणि वजन ५१० ते ५५० ग्रॅम. पाच नंबरचा त्याहून लहान, वजन ५०० ग्रॅमपर्यंत. शाळेच्या स्टोअररूममध्ये बहुतेक सात नंबरचेच बॉल असतात आणि सातवीतला मुलगा तोच घेऊन खेळतो. त्याला छातीतून दिलेला पास सात मीटर नेताना हवेत उंच फेकावा लागतो. उंच फेकलेला पास हळू जातो आणि मधला खेळाडू तो उचलतो. शॉट मारताना मनगट पुरत नाही, म्हणून बॉल खांद्यावरून किंवा कमरेपासून ढकलला जातो आणि रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. तिथून उडालेला रिबाउंड लांब जातो, तो ज्याच्या हाती पडतो तो समोर मोकळे कोर्ट पाहून पळत सुटतो, आणि पळता पळता ट्रॅव्हल करतो (बॉल न टप्पवता जास्त पावले टाकतो). पुन्हा शिट्टी. पाहणाऱ्याला हा धावपळीचा रंगतदार सामना वाटतो. खरे तर बॉल जड आहे, एवढेच त्यामागे आहे.

रिंग ३.०५ मीटरवर पक्की बसवलेली असते. ती खाली आणायची तर बोर्डच बदलावे लागतात. मिनी बास्केटबॉलमध्ये, म्हणजे साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, रिंग २.६० मीटरवर, फ्री थ्रोची रेषा चार मीटरवर आणि बॉल पाच नंबरचा असतो. तिथे तीन गुणांचा शॉट नसतो आणि शॉट क्लॉकही (ठरावीक सेकंदांत शॉट मारायला लावणारे घड्याळ) नसते. आपल्याकडे १४ च्या गटात अकरा-बारा वर्षांची मुले सर्रास खेळतात. बोर्ड बदलायला निधी लागेल, बॉल बदलायला फार लागत नाही. म्हणून पहिली मागणी : १४ वर्षांखालील मुलांचे सामने सहा नंबरच्या बॉलवर घ्या. मुलींसाठी सर्व गटांत सहा नंबर आहेच, त्यामुळे स्पर्धेच्या जागी हे बॉल आधीच असतात. माहितीपत्रकात एक ओळ वाढवायची आहे, एवढेच. ती ओळ प्रवेशिका पाठवतानाच गेली पाहिजे, कारण सातवर सराव करून आलेल्या मुलाच्या हाती सामन्याच्या दिवशी सहा दिला तर त्याचा शॉट बोर्डच्या वरून जाईल.

साखळीतली दुसरी कडी प्रेस. १४ च्या गटात सामने एकतर्फी का होतात याचे उत्तर बहुतेक वेळा यातच असते. नियमाप्रमाणे बॉल आठ सेकंदांत अर्धे कोर्ट पार करावा लागतो. पूर्ण कोर्ट २८ मीटरचे, म्हणजे १४ मीटर. मोठ्या मुलांना हे अवघड नाही : एक गार्ड ड्रिबल करतो, दुसरा मध्ये येऊन आधार देतो, तिसरा लांब उभा राहतो. लहान संघात ड्रिबल येणारा एकच असतो. प्रतिस्पर्ध्याने १-२-१-१ किंवा २-२-१ अशा रचनेचा झोन प्रेस (जागा वाटून घेऊन केलेला प्रेस) लावला, कोपऱ्यात दोघांनी त्या एकाला घेरले, की तो बॉल डोक्यावर धरून उभा राहतो. मग एकतर बॉल धरून ठेवण्याची पाच सेकंदांची मर्यादा संपते, किंवा घाबरून दिलेला पास थेट समोरच्याच्या हातात जातो आणि रिंगखाली लेअप (अगदी जवळून सोपा शॉट). पुन्हा एंडलाइनवरून थ्रो-इन, पुन्हा तेच. पहिल्या क्वार्टरमध्ये २०-० होते. हरणाऱ्या संघाने हाफ कोर्टमध्ये एकही सेट (रचून केलेला) हल्ला केलेला नसतो. जिंकणाऱ्यानेही केलेला नसतो, आणि हे प्रशिक्षकांच्या लक्षात दोन वर्षांनी येते, जेव्हा तीच मुले १७ च्या गटात जातात आणि समोरचा संघ प्रेस सहज तोडतो.

काही प्रशिक्षक यावर म्हणतील की प्रेस हे मेहनतीचे फळ आहे, ते का काढून घेता? युक्तिवाद पोकळ नाही. दमसास आणि शिस्त असल्याशिवाय प्रेस टिकत नाही. म्हणून आम्ही सरसकट बंदी मागत नाही. आमचे म्हणणे असे : १४ च्या गटात झोन प्रेस नको. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये बचाव करणाऱ्या संघाने अर्ध्या कोर्टच्या मागे जाऊन बॉलची वाट पाहावी. चौथ्या क्वार्टरमध्ये पूर्ण कोर्टवर मॅन टू मॅन (प्रत्येकाने आपापला खेळाडू अडवणे) चालेल, पण फरक पंधरा किंवा जास्त असेल तर आघाडीवरच्या संघाला नाही. अंमलबजावणी कशी करायची तेही आधी लिहून द्या, नाहीतर कोर्टवर वाद होणार. पहिल्या वेळी पंचाने खेळ थांबवून दोन्ही बेंचना ऐकू जाईल अशी ताकीद द्यावी आणि टेबलने ती स्कोअरशीटच्या तळाशी नोंदवावी. नंतर प्रत्येक वेळी समोरच्या संघाला एक फ्री थ्रो आणि बॉल. चोरलेला बॉल घेऊन केलेला फास्ट ब्रेक हा प्रेस नव्हे, आणि रिबाउंड घेणाऱ्यावर तिथल्या तिथे एका खेळाडूने हात वर करून उभे राहणे हाही नव्हे. हे दोन अपवाद लिहिले नाहीत तर पंच प्रत्येक वेळी वेगळा निर्णय देतील.

आता घड्याळ. पळते घड्याळ आयोजकांना का आवडते ते उघड आहे : सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या दहा तासांत पाऊण तासाचे तेरा सामने बसतात. पण पळत्या घड्याळाच्या २८ मिनिटांत खेळ किती होतो ते एकदा स्टॉपवॉच लावून पाहा. दोन फ्री थ्रोंना शिट्टीपासून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत सहज पाऊण मिनिट जाते. अशा दहा जोड्या झाल्या की साडेसात मिनिटे गेली, म्हणजे अख्खे एक क्वार्टर. उघड्या कोर्टवर बॉल कुंपणापर्यंत किंवा गटारात गेला की तोही वेळ गेला. त्यातून आघाडीवरचा संघ संथ होतो : बूट बांधणे, सब (खेळाडू बदली) करताना रेंगाळणे, थ्रो-इनला बॉल उशिरा उचलणे. मागे पडलेल्या संघाला फाउल करून घड्याळ थांबवण्याचा नेहमीचा मार्गही राहत नाही, कारण घड्याळ थांबतच नाही. फाउल केला तर उलट वेळ जास्त जातो. म्हणजे १४ च्या गटात जो खेळ नको तितका वेगवान होता तोच शेवटच्या चार मिनिटांत मुद्दाम झोपवला जातो.

आमचा प्रस्ताव मिनिटे वाढवण्याचा नाही, कमी करण्याचा आहे. १४ च्या गटात प्राथमिक फेऱ्यांना सहा मिनिटांची चार क्वार्टर ठेवा, पण घड्याळ फ्री थ्रो, टाइमआउट आणि दुखापत यांना थांबवा, आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक शिट्टीला. २४ मिनिटांचा हा सामना मध्यंतरे धरून साधारण पाऊण तासातच बसतो आणि मुलांना खेळायला पळत्या २८ मिनिटांपेक्षा कमी मिळत नाही. उपांत्य फेरीपासून आठ मिनिटांची क्वार्टर करा. अमेरिकेतल्या बहुतेक माध्यमिक शाळांत आठ मिनिटांचीच चार क्वार्टर खेळतात, तीही सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी, याकडे लक्ष द्यावे. १७ च्या गटात आठ मिनिटे आणि प्रत्येक शिट्टीला थांबणारे घड्याळ पुरे. त्यासाठी तासाच्या वर पाच-दहा मिनिटे धरा. १९ च्या गटाला मात्र पूर्ण दहाची चार क्वार्टर द्या आणि वेळापत्रकात दीड ते पावणेदोन तास राखून ठेवा. हे बसत नसेल तर १९ चे सामने वेगळ्या दिवशी घ्या. सगळे एकाच दिवशी कोंबून सगळ्यांचे कापू नका.

शॉट क्लॉकबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण इथे गैरसमज जास्त आहेत. २४ हा आकडा मुलांना पाहून ठरलेला नाही. २२ नोव्हेंबर १९५० रोजी एनबीएमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असे हरवले. बॉल नुसता धरून ठेवण्याच्या खेळाचा तो कळस होता. १९५४ मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला : चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २८८० सेकंदांचा, भागाकार २४. व्यावसायिक प्रौढांच्या खेळातून हा आकडा आला. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, १९५६ मध्ये ३० सेकंद स्वीकारले आणि २४ वर यायला २००० साल उजाडले. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन पुरुषांच्या खेळात १९८५ मध्ये ४५ सेकंदांनी सुरुवात झाली, मग ३५, आणि २०१५ पासून ३०. म्हणजे तिथे वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूंनाही व्यावसायिकांपेक्षा सहा सेकंद जास्त मिळतात.

१४ च्या गटाला शॉट क्लॉकची गरज फारशी पडत नाही. तिथे पझेशन दहा-बारा सेकंदांतच संपते, चांगल्या किंवा वाईट कारणाने. उलट २४ लावले तर आठ सेकंद अर्धे कोर्ट ओलांडण्यात जातात, उरलेल्या सोळांत बेंचवरून ‘शॉट, शॉट’ ओरडणे सुरू होते आणि मूल आठ मीटरवरून बॉल फेकते. इथे घड्याळ नकोच. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत एखादा संघ बॉल घेऊन नुसता उभा राहिला, तर पंचाने हात वर करून मोठ्याने दहा आकडे मोजावेत, तेवढे पुरे.

१७ च्या गटात चित्र उलटते, आणि आमच्या मते शालेय बास्केटबॉलचा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. आता ड्रिबल येते, प्रेस तुटतो, एखाद्या संघात उंच सेंटर असतो. समोरचा संघ २-३ झोन लावून रंगवलेल्या चौकोनात गर्दी करतो. बाहेरून शॉट मारण्याचा विश्वास अजून कुणालाच नसतो. शॉट क्लॉक नसल्यामुळे हल्ला करणारा संघ चाळीस-पन्नास सेकंद घेरावरून बॉल फिरवत राहतो, कोणीतरी आत पास देतो, तो अडतो, दोघांच्या हातात बॉल अडकल्याची म्हणजे जंपबॉलची शिट्टी होते. क्वार्टरचा स्कोअर ६-४. वेग एकदम खाली येतो, तोही कौशल्य वाढल्यामुळे नव्हे, नियम नसल्यामुळे. हाच संघ जिल्हा आणि विभाग जिंकून वर गेला आणि तिथे २४ सेकंदांचे घड्याळ लागले की पहिल्याच सामन्यात पाच-सहा वेळा भोंगा वाजतो. म्हणून १७ च्या गटात ३० सेकंद लावा, तेही पहिल्या फेरीपासून. १९ ला २४, आणि त्याचे सगळे उपनियम फिबाप्रमाणे.

घड्याळ नाही ही सबब आता चालू नये. बोर्डवर बसवायचे जोड-डिस्प्ले महाग आहेत हे खरे. पण दोन टॅब, प्रत्येकावर उलटे मोजणारे टायमर अॅप, आणि एक हॉर्न एवढ्यावर काम भागते. एक टॅब टेबलवर ऑपरेटरच्या हाती, दुसरा प्रशिक्षकांना दिसेल असा ठेवलेला. उन्हात पडदा दिसत नाही, त्यामुळे पुठ्ठ्याची झापड लावावी आणि ऑपरेटरशेजारी बसलेल्याने ‘दहा’ आणि मग ‘पाच, चार, तीन, दोन, एक’ मोठ्याने म्हणावे. हॉर्नचा आवाज क्वार्टर संपल्याच्या आवाजापेक्षा वेगळा हवा. दोन्ही सारखे असले की मुले क्वार्टर संपले समजून थांबतात.

ऑपरेटरच्या चुका ठरलेल्या आहेत. बचाव करणाऱ्याचा हात बॉलला लागला की तो घड्याळ पुन्हा सुरुवातीला नेतो. तसे करायचे नाही, ताबा बदलला पाहिजे. बचाव करणाऱ्याने बॉल बाहेर घालवला तरी घड्याळ जिथे थांबले तिथूनच पुढे चालते. शॉट हवेत असतानाच रिसेट करणे ही दुसरी चूक. बॉल रिंगला लागला तरच रिसेट, एअरबॉल त्याच संघाने पकडला तर घड्याळ चालूच. रिंगला लागून ऑफेन्सिव्ह रिबाउंड झाला की पूर्ण २४ नाही, १४. पुढच्या कोर्टात बचाव करणाऱ्याचा फाउल होऊन थ्रो-इन मिळाला तर १४ किंवा जास्त उरले असल्यास तेवढेच, १३ किंवा कमी असल्यास १४. मागच्या कोर्टात तसा फाउल झाला तर पूर्ण २४. थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात बॉल असताना घड्याळ सुरू करू नये. कोर्टवरच्या खेळाडूचा स्पर्श झाल्यावरच ते चालू होते. १७ च्या गटात ३० ठेवले तरी ऑफेन्सिव्ह रिबाउंडला १४ च ठेवा, म्हणजे ऑपरेटरला दोन वेगळ्या सवयी लावाव्या लागणार नाहीत.

आणखी एक गोष्ट फक्त १४ च्या गटासाठी. संघात दहा-बारा मुले असतात आणि पाचच खेळतात. वयात येण्याआधीच्या मुलांचे शरीर तीव्र धावेनंतर लवकर सावरते, पण तीव्र धाव सलग फार वेळ टिकवू शकत नाही. थोडे थोडे खेळणे त्यांना मानवते. ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर तीच पाच मुले दिवसाला दोन सामने खेळली की दुसऱ्या सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरपासून बचावाला मागे कुणी धावत नाही. मग पुन्हा लेअपमागून लेअप. यावर उपाय असा : पहिल्या क्वार्टरला पाच, दुसऱ्याला दुसरे पाच, दुखापत किंवा पाच फाउल सोडून मध्ये सब नाही, तिसऱ्यापासून मुभा. संघ दहापेक्षा कमी मुलांचा असेल तर पहिल्या क्वार्टरला बसलेल्या सगळ्यांनी दुसऱ्याला उतरायचे आणि उरलेल्या जागा प्रशिक्षकाने भराव्यात. स्कोअररने प्रत्येक क्वार्टरला कोण उतरले त्याची खूण नावापुढे करायची. मुलींच्या गटालाही हाच नियम. एका संघाच्या दोन सामन्यांत किमान तीन तास हवेत, आणि दुपारी बारा ते तीन १४ चे सामने ठेवू नयेत.

हे सगळे एका वर्षात जमणार नाही याची आम्हाला कल्पना आहे. या हंगामात किमान तीन गोष्टी माहितीपत्रकात याव्यात : १४ च्या मुलांसाठी सहा नंबरचा बॉल, त्याच गटात झोन प्रेसला मनाई, आणि १७ च्या गटात पहिल्या फेरीपासून ३० सेकंदांचे शॉट क्लॉक. सोबत प्रत्येक सामन्याच्या टेबलवर पझेशन आणि टर्नओव्हर मोजायला एक विद्यार्थी बसवा, गटानुसार आकडे वेगळे ठेवा, आणि स्पर्धा संपल्यावर ते तक्ते सहभागी शाळांना पाठवा. पुढच्या वर्षी क्वार्टर किती मिनिटांचे ठेवायचे यावर बैठकीत वाद होतील तेव्हा ते तक्ते टेबलवर हवेत.

आपले,
जिल्ह्यांतील काही बास्केटबॉल प्रशिक्षक, पंच आणि टेबल ऑफिशियल